हाव म्हणणारा प्लेअर

मी बोलतोय यावर तुमचा विश्वास बसणार नाही, कारण आजवर माझ्यातून कायम दुसरंच कुणीतरी बोललं. गायक बोलले, बायोलॉजीचे सर बोलले, आणि एका दुपारी एक मुलगी एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलली. माझा स्वतःचा आवाज म्हणाल तर बटण दाबल्यावर होणारी टिक, तेवढाच.

मी एमपीथ्री प्लेअर. काडेपेटीहून जरासा लांब, निळ्या पडद्याचा, रिमोटात घालतात तसल्या एका बारीक सेलवर चालणारा. जन्म चीनमधला म्हणतात. मला तिथलं काही आठवत नाही, तेव्हा माझ्या पोटात सेल नव्हता. मला आठवतं ते नांदेडच्या वजिराबादमधलं काचेचं कपाट आणि माझ्याकडे बोट दाखवणारा सोमेश. सोमेश तिथं इंजिनिअरिंगला होता. त्यानं मला घेतलं, सायबर कॅफेवाल्याकडून तीनशे गाणी भरून घेतली आणि त्यातली चारच वर्षभर ऐकली. माणसं अशीच असतात. भरायला सगळं हवं असतं आणि ऐकायचं तेच ते.

सुट्टीत तो मला घेऊन शिरूर अनंतपाळला गेला. तिथं त्याच्या वडिलांचं, सिद्धराम यांचं, हार्डवेअरचं दुकान. त्यांनी मला तळहातावर घेऊन वजन केल्यासारखं हलवलं.

“ह्याचा फायदा काय?”

“गाणी ऐकता येतात, बाबा. कुटं बी.”

“अन् तोटा?”

“कायबी न्हाई.”

“तोटा न्हाई असा माल मी अजून पाह्यला न्हाई,” सिद्धराम म्हणाले आणि मला परत देऊन गिऱ्हाइकाकडे वळले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

पुढं सोमेशला गाण्यांचा मोबाइल मिळाला आणि माझी रवानगी झाली लातूरला, त्याच्या धाकट्या बहिणीकडे. अंजू बारावीला होती. त्या वर्षांत लातूरच्या क्लासेससाठी चहूकडून पोरं येत आणि बऱ्याच पोरांबरोबर त्यांच्या आयाही येत. औसा रोडला दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या, पोरानं शिकायचं, आईनं डबा-पाणी बघायचं, बाप गावाकडे दुकान सांभाळायचा. अंजूबरोबर तिची आई महानंदाबाई आली होती. सिद्धराम रविवारी एसटीनं यायचे, ज्वारीचं पीठ आणि सल्ले घेऊन.

अंजूला मी आवडलो तो गाण्यांसाठी नाही. माझ्या कडेला आवाज टिपायचं एक बटण आहे, सोमेशनं ते कधी दाबलंही नव्हतं. अंजू मला बाकावर ठेवून बायोलॉजीचा तास टिपून घ्यायची आणि घरी येऊन कानात इअरफोनची दोन्ही बोंडं घालून पुन्हा ऐकायची. भांडी विसळताना किडनी, वेणी घालताना हृदय. दोनशे पोरांच्या बॅचमध्ये सर तिला एकदाही नावानं बोलले नव्हते, माझ्यातून मात्र ते रोज तिच्या एकटीशी बोलत. तिचे मार्क वाढले. माझा फायदा काय, हे मी सिद्धरामांना तेव्हा सांगू शकलो असतो.

तोटा मला महानंदाबाईंकडून कळला.

त्या घरात एक रीत होती. महानंदाबाई घरातून कुठूनही आवाज द्यायच्या, “अंजू, हायेस का?” आणि अंजूनं म्हणायचं, “हाव.” शाळेच्या पुस्तकात हाव म्हणजे लोभ, आमच्याकडे हाव म्हणजे हो. ‘आले’ म्हटलेलं चालायचं नाही, ‘थांब गं’ तर मुळीच नाही. हाव आलं की त्या पुन्हा आपल्या कामाला लागायच्या. कधीकधी तर काही कामच नसायचं. नुसतं विचारायचं आणि नुसतं ऐकायचं. सोमेश आणि सिद्धराम या रीतीतच राहिलेले, अंजू तर तिच्यातच वाढलेली.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात महानंदाबाईंचं माहेर गेलं होतं. त्या सासरी होत्या म्हणून वाचल्या. सकाळी मिळेल त्या वाहनानं तिकडे पोचल्या तर गाव म्हणून काही उरलं नव्हतं, नुसते दगड. लोक ढिगावर उभे राहून हाका मारत, सगळे चूप राहत, आणि जिथून आवाज येईल तिथं खणत. महानंदाबाईंनीही आपल्या घराच्या ढिगावर उभं राहून धाकट्या बहिणीला, जगदेवीला, हाका मारल्या. जगदेवीनं उत्तर दिलं नाही. घरात सांगितली जाणारी हकिगत एवढीच.

आता अशा बाईच्या मुलीच्या दोन्ही कानांत माझी बोंडं. हाक जायची आणि परत काहीच यायचं नाही. महानंदाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत यायच्या.

“किती आवाज दिऊ तुला? कान हायेत का न्हाईत?”

“आई, मी अभ्यास करायलेय!”

“कर की. हाव म्हणायला काय जातंय?”

एकदा त्यांनी माझी वायर हिसकली. पोरगी रडली, आई रडली नाही, आणि तह झाला तो असा की एकच बोंड घालायचं, दुसरा कान आईसाठी मोकळा ठेवायचा. एका कानात सर, दुसऱ्यात आईच्या हाकेची वाट. अंजूचं धड कशातच लक्ष लागेना. मी निर्जीव वस्तू, मला बाजू घेता येत नाही, पण दोघींचंही खरं होतं हे मला कळत होतं.

क्लासमध्ये दर महिन्याला टेस्टच्या मार्कांवर बॅचेस बदलत. यादी दुपारी फळ्यावर लागायची. फेब्रुवारीतली टेस्ट अंजूला वाईट गेली होती. पहिल्या बॅचमधून आपण खाली आलो असणार याची तिला खात्री होती, आणि ते आईला कळण्याआधी स्वतः बघून सरांना भेटून यायचं होतं. आईला सांगितलं असतं तर आई सोबत आली असती, फळ्यापुढं उभी राहिली असती.

तेव्हा तिनं एक युक्ती केली. सकाळी मला तोंडाजवळ धरलं, बटण दाबलं, म्हणाली, “हाव.” मग मिनिटभर गप्प बसली आणि बटण सोडलं. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहावा अशी मला सूचना दिली. दुपारी मला एक छोटा स्पीकर जोडला, पुस्तकांच्या आणि अंथरुणांच्या ढिगात आत सरकवलं, दार लोटून घेतलं आणि चपला हातात घेऊन ती बाहेर पडली. पाऊण तासाचा प्रश्न होता.

मी माझं काम सुरू केलं. लाइट गेलेली होती. माझ्यातल्या प्रत्येक ‘हाव’च्या मागं सकाळचा पंखा घरघरत होता, पण ते कुणाच्या लक्षात यावं?

“अंजू, हायेस का?”

जरा वेळानं मी म्हणालो, “हाव.”

“चहा ठिवू का?”

उत्तर नाही. मग, “हाव.”

“आलं टाकू?” यालाही हाव. नंतर त्यांनी काही विचारलंच नाही तरी मी म्हणालो, हाव. “मी कुटं आवाज दिला गं?” महानंदाबाई हसून म्हणाल्या. त्यांचं हसणं मी फार वेळा ऐकलेलं नाही. लेक न चुकता उत्तर देतेय याचा त्यांना आनंद झाला असावा.

त्या कप घेऊन आत आल्या. खोलीत कुणी नव्हतं.

“अंजू?” या वेळी त्या हळू बोलल्या.

आणि माझी वेळ झाली होती. ढिगाच्या आतून मी म्हणालो, “हाव.”

कप पडला. पुढचं मी सांगतो ते जसं ऐकलं तसं. त्या ओरडल्या नाहीत. पोरगी बाहेर गेली असेल, ही काहीतरी गंमत असेल, असलं त्यांच्या मनात आलंच नाही. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी उपसू लागल्या. पुस्तकं, गाद्या, रग, वह्यांचे गठ्ठे. एकेक मागं फेकत होत्या आणि म्हणत होत्या, “आले, माय. आता न्हाई जात. हितंच हाय मी.” मी थांबू शकलो असतो तर थांबलो असतो. मी मिनिटभरानं पुन्हा म्हणालो, “हाव,” आणि त्यांचे हात आणखी जोरात चालू लागले. एक नख मोडलं.

शेवटी मी त्यांच्या हाती लागलो. त्यांनी मला कानाशी धरलं आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मला बंद कसं करायचं त्यांना माहीत नव्हतं. की करायचं नव्हतं, कोण जाणे.

अंजू परतली तेव्हा खोलीभर पसारा आणि मधोमध आई. अंजूचं तोंड रडून सुजलेलं, ती तिसऱ्या बॅचमध्ये गेली होती. तिनं झडप घालून मला बंद केलं.

“आई, चुकलं माझं. मारून टाक मला, पण अशी बसू नको.”

महानंदाबाई बोलल्या ते जमिनीकडे बघून.

“जगदेवी हाव म्हणली हुती.”

“काय?”

“उत्तर दिलं न्हाई म्हून मी समद्यांना सांगत आले. दिलं हुतं. मी हाक मारली की आतून हाव म्हणायची. मला वाटलं, बोलतीय म्हंजे हाय, काढील दम. शेजारच्या घरात लेकरू रडत हुतं. माणसं म्हणली, आधी लेकरू काढू. मी बी गेले हात लावायला. लेकरू निघालं जितं. परत येऊन हाक मारली… सोळा वर्सांची हुती. मी आले न्हाई तरी ती हाव म्हणतच ऱ्हायली असंल का गं?”

अंजू आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि तिसऱ्या बॅचचं सांगायचं राहूनच गेलं. ते रविवारी सिद्धरामांनी आल्या आल्या विचारलं तेव्हा निघालं.

त्या दिवसापासून महानंदाबाईंनी हाक मारणं सोडलं. काम टाकून दारात यायच्या, अंजूला डोळ्यांनी बघायच्या, परत जायच्या. अंजू दोन्ही कान मोकळे ठेवून बसायची आणि हाक यायची नाही. माझ्यामुळं त्या घरात दोन बायका एकमेकींना चोरून बघू लागल्या, हा तोटा मी कुठल्या खात्यात मांडू?

सीईटी झाली. एमबीबीएसला थोडक्यात हुकलं, नांदेडला आयुर्वेदाला नंबर लागला. जाण्याआधी अंजूनं माझ्यातलं सगळं पुसलं, सर, सोमेशची गाणी आणि तो तुकडाही. मग शिवाची भजनं आणि लिंगायत संतांची वचनं भरली आणि मला आईच्या हातात दिलं. “एकाच कानात घाल पायजे तर. दुसरा मोकळा ठिव.”

गावी आल्यावर महानंदाबाईंनी तसंच केलं. दोन वर्षं एकच बोंड, दुसरा कान जमिनीकडे. रात्रीसुद्धा त्या कान देऊनच पडतात, हे सिद्धराम सोमेशच्या बायकोला, नव्या सुनेला, सांगत होते. भूकंपानंतर ही बाई सलग झोपलेली मी पाह्यली न्हाई, म्हणाले. माझा पडदा आता फुटला आहे, एक बटण आत गेलं आहे. तरी वाजतो.

आज दुपारी सून माहेरी गेलेली. महानंदाबाई माजघरात आडव्या झाल्या. एक बोंड घातलं. दुसरं बराच वेळ बोटांत फिरवत राहिल्या. मग तेही घातलं. थोड्या वेळानं त्यांचा श्वास जड झाला, वायरीतून मला कळला.

सिद्धराम जेवायला आले. “अगं, हायेस का?” त्यांनी दारातून विचारलं. उत्तर नाही. या घरात असं कधी झालेलं नाही. ते चपला न काढता धावत आत आले, खाली वाकले, हात नाकाशी नेला, श्वासाची ऊब लागली आणि तसाच परत घेतला. मग उठून त्यांनी बाहेरचं दार आवाज न करता लावलं आणि जेवण वाढून न घेता बायकोच्या उशाशी बसले.

माझा सेल मघाशीच उतरला, आता एवढं सांगण्यापुरताच जीव उरलाय. त्यांच्या कानांत आता भजन नाही, काहीच नाही. तुम्हाला विनंती एवढीच, सेल बदलायचाय म्हणून कुणी आत्ता ती बोंडं काढू नका.