आरशावरून उतरवलेला गोंडा

मी एक जुना गोंडा आहे, मित्रांनो. तांबड्या रेशमी धाग्यांचा, वर सोनेरी दोर आणि दोराला वर्षाचा पितळी आकडा. कारखान्यात त्या दिवशी माझ्यासारखे हजारो गोंडे जन्मले, त्यामुळे जन्माचा तोरा मी मिरवत नाही. ज्या डोक्यावर जाऊन बसलो, त्याचा मात्र जरूर मिरवतो.

शाळा पुरी करणाऱ्याच्या चौकोनी टोपीला आम्हांला बांधतात. नाव पुकारले आणि प्रमाणपत्र हाती आले, की टोपी घालणाऱ्याने आम्हांला उजवीकडून डावीकडे सरकवायचे. काम एवढेच, आणि तेही एका क्षणाचे. बहुतेक गोंडे अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या वाट्याला येतात. माझी मालकीण वर्नेटा टिडवेल सत्तेचाळीस वर्षांची होती. वडील अंथरुणाला खिळले म्हणून तिने सतराव्या वर्षी शाळा सोडली होती, आणि तीस वर्षांनी हार्लन फॉल्स गावच्या ग्रंथालयाच्या तळघरात, प्रौढांच्या वर्गात बसून ती पुरी केली होती. व्यासपीठावर ती इतकी गांगरली की मला सरकवायचेच विसरली. तिसऱ्या रांगेतून तिची आई ओडेसा काठी टेकत उठली आणि म्हणाली, "वर्नेटा, गोंडा सरकव. तीस वर्षं वाट बघतेय मी." सगळी सभा हसली. वर्नेटाही हसली आणि तिने मला सरकवले.

टोपी परत करायची आणि गोंडा गाडीच्या आरशाला टांगायचा, अशी आमच्या गावात रीतच आहे. वर्नेटाच्या जुन्या तपकिरी गाडीत त्याच दिवशी माझी आरशावर स्थापना झाली. रोज सकाळी ती नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची अंथरुणे बदलायला, त्यांना भरवायला जायची. सिग्नलला थांबली की एका बोटाने मला हलवायची आणि स्वतःशीच गुणगुणायची. ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे.

मग एके सकाळी पुलावर आमच्यामागे निळे-लाल दिवे लुकलुकले. क्रेट्झ नावाचा तरुण पोलीस खिडकीशी आला. का थांबवले माहीत आहे का, असे त्याने विचारले आणि सरळ माझ्याकडे बोट केले. चालक आणि रस्ता यांच्यामध्ये काहीही लोंबता कामा नये, असा कायदा आहे म्हणे. माझ्या जाडीच्या आड माणूस तर सोडाच, खांबही लपला नसता. तरी मी गुन्हा आहे, हे मला त्या दिवशी कळले. क्रेट्झने दंडाची चिठ्ठी दिली नाही. पण गाडी कुणाची, कुठून आलात, कुठे चाललात, असे सगळे विचारले आणि भर उजेडात मागच्या बाकावर विजेरी मारून पाहिले. वर्नेटाचे दोन्ही हात सुकाणूवर होते. तिच्या आईने तिला लहानपणापासून हे शिकवले होते, की पोलीस आला की काळ्या माणसाचे हात दिसले पाहिजेत. मी दोराला बांधलेला आणि ती पट्ट्याला. आम्ही दोघेही जागचे हललो नाही.

पुढच्या चौदा महिन्यांत आम्हांला अकरा वेळा थांबवले. कधी माझ्यासाठी, कधी नंबरप्लेटवरचा दिवा मंद आहे म्हणून, कधी वळताना दिवा उशिरा लावला म्हणून. कुणी दोन शब्द बोलून सोडायचा, कुणी दंडाची चिठ्ठी फाडून हातात द्यायचा, कुणी अर्धा तास ठेवून घ्यायचा. पुस्तकातला कायदा एकच होता. तो जागा करायचा की झोपू द्यायचा, हे खिडकीशी येणाऱ्याच्या मनावर होते. वृद्धाश्रमात वर्नेटाबरोबर पेगी नावाची गोरी बाई काम करायची. तिच्या आरशाला पिसांचे झुंबर, दोन माळा आणि सुवासाचे कागदी झाड एवढे सगळे लटकत असायचे. वर्नेटाने तिला पुलावरची हकीकत सांगितली तेव्हा पेगी खरोखरच चकित झाली. वीस वर्षांत तिला कुणी हटकले नव्हते. असा काही कायदा आहे हेच तिला ठाऊक नव्हते. तिचा स्वभाव वाईट नव्हता, पण मला त्या पिसांचा फार हेवा वाटला.

आता खरी गोष्ट ऐका. वर्नेटाला परिचारिका व्हायचे होते. त्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा वर्षातून दोनदाच होई, आणि नऊच्या ठोक्याला दार बंद होई. त्यानंतर प्रत्यक्ष परीक्षकाची आई आली तरी आत घेत नसत. वर्नेटाने आठ महिने अभ्यास केला होता. कठीण शब्द चिठ्ठ्यांवर लिहून त्या ती माझ्या शेजारी, आरशाच्या कडेला खोचायची, त्यामुळे हाडांची निम्मी नावे मलाही पाठ झाली होती. परीक्षेच्या दिवशी आम्ही साडेसातलाच निघालो. रस्ता अर्ध्या तासाचाच होता, पण आम्हांला आमचे रस्ते माहीत होते.

पुलावर क्रेट्झच होता.

"गेल्या वेळी सांगितलं होतं ना, हे काढा म्हणून?"

"चुकलंच, साहेब," वर्नेटा म्हणाली. "नऊला माझी परीक्षा आहे. चिठ्ठी द्यायची तर द्या, पण जरा लवकर द्या."

तेवढ्याने बिनसले. एवढी घाई कसली, असे त्याला वाटले असावे. त्याने तिला उतरायला सांगितले, दुसरी गाडी बोलावली, ती येईपर्यंत थांबायला लावले. मग आसने उचलून पाहिली, डिकी उघडली, अभ्यासाच्या वह्या रस्त्यावर काढून ठेवल्या. काही सापडले नाही. सापडणार काय? नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याने वह्या परत दिल्या आणि म्हणाला, "जा, आज सोडतो तुम्हाला." वर्नेटाने त्याचे आभार मानले. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला सर्वांत जास्त लागले असेल, तर ते हे आभार.

तिने गाडी थोडी पुढे नेऊन कडेला लावली. बराच वेळ ती माझ्याकडे पाहत राहिली. मग आरशामागची गाठ सोडली, माझे धागे बोटांनी विंचरले आणि मला समोरच्या कप्प्यात ठेवून झाकण लावले.

ओडेसाला हे मुळीच पटले नाही. दुसऱ्या दिवशी चर्चला जाताना गाडीत बसल्या बसल्या तिने रिकामा आरसा पाहिला.

"गोंड्याचा काय दोष? गाडी काय तो चालवतो?"

"आई, मला त्यांना कारण द्यायचं नाही."

"कारणावाचून त्यांचं कधी अडलंय, बाळा?"

वर्नेटाने गाडी सुरू केली. कप्प्यात वाळलेले एक पेन, टोमॅटो सॉसच्या पुड्या आणि चुरगळलेले कागदी रुमाल एवढीच मला सोबत होती. गाडीची कागदपत्रे आमच्याकडे कप्प्यात ठेवत नाहीत, चालकाच्या डोक्यावरच्या ऊन अडवायच्या फळीला अडकवतात. म्हणजे पोलिसासमोर हात कुठे आत घालावा लागत नाही. त्यामुळे माझे झाकण उघडायला सहसा कुणाला कारण पडत नसे. काळोखात दिवस कळत नव्हते, पण गाडी अवेळी थांबली की कळायचे. खिडकीची काच खाली जायची, आणि तोच प्रश्न यायचा: का थांबवलं माहीत आहे का? पांढरी रेष ओलांडली. दिवा मंद आहे. मी समजत होतो की मी उतरलो की ती सुटेल. पण मी तेवढा मोठा कधी नव्हतोच. ओडेसाचे खरे होते, आणि ते मला कोंडले गेल्यावर कळले.

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा आली. त्या सकाळी गाडी आठ वीसला थांबली. या वेळचा आवाज वयस्कर होता. नाव लुंडग्रेन. नंबरप्लेटवरचा दिवा गेला आहे, असे तो म्हणाला आणि त्याने कागदपत्रे मागितली. वर्नेटाने फळीवरची कागदपत्रे दिली. विम्याचा कागद मात्र जुना निघाला. नवा कागद आठवड्यापूर्वी टपालाने आला होता आणि तो ओडेसाने, जपून ठेवावा म्हणून, रात्रीच्या अंधारात झाकण किलकिले करून माझ्या अंगावर टाकला होता.

वर्नेटाचा आवाज मी तेवढा हळू कधी ऐकला नव्हता. "साहेब, नवा कागद त्या कप्प्यात आहे. मी हात घालू का?"

"नको. हात आहेत तिथेच राहू देत. मीच काढतो."

पलीकडचे दार उघडले. मग झाकण उघडले, आणि सहा महिन्यांनी माझ्या डोळ्यांत ऊन शिरले. एका मोठ्या हाताने कागद उचलला आणि त्याबरोबर मलाही. लुंडग्रेनने माझा पितळी आकडा अंगठ्याने पुसला.

"हा कुणाचा?"

"माझा, साहेब."

"तुमचा?" तो मनापासून हसला. "अहो, मग असा कोंबून काय ठेवलाय? ही काय कप्प्यात ठेवायची वस्तू आहे? माझ्या मुलीचा मी आरशाला लावलाय. चार वर्षं झाली."

वर्नेटाचे हात सुकाणूवरच होते.

"छान दिसत असेल, साहेब," ती म्हणाली.

त्याने मला परत ठेवले, दिवा बदलून घ्या म्हणाला, आणि चिठ्ठी न लिहिता गेला. भला माणूस होता तो, आणि त्याच्या भलेपणामुळेच आम्ही नऊला चार मिनिटे कमी असताना दाराशी पोचलो. वर्नेटा ती परीक्षा उत्तीर्ण झाली आणि पुढे तिने अभ्यासक्रमही पुरा केला. आता पांढऱ्या कपड्यावर नावाची पट्टी लावून ती कामाला जाते. पण क्रेट्झ भेटला म्हणून सहा महिने गेले आणि लुंडग्रेन भेटला म्हणून मिळाले, यात तिच्या अभ्यासाचा कुठे काही संबंध होता का, हे मला अजून उमगलेले नाही.

मी अजून कप्प्यातच आहे. रंग टिकला आहे, ऊन लागत नाही ना.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कुणाच्या हातात शिट्टी येईल, कुणाच्या हातात शिक्का, कुणाच्या हातात दाराची किल्ली. कुणाला अडवायचे आणि कुणाला जाऊ द्यायचे, हे तुम्ही ठरवाल. तेव्हा कुणाच्या गाडीत वाकून पाहण्याआधी, आपल्या आरशाला काय लोंबते आहे तेवढे पाहून घ्या.