मला तेल का नाही मिळालं?

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कप्पी आहे. दोर ओढला की मी फिरते आणि कुरकुरते. मला एवढंच येतं, पण तेवढ्यानेही एकदा सगळ्यांना चकवलं होतं.

उंद्रीच्या पुंजाजी माळ्यांच्या मळ्यात मी विहिरीवर होते. त्यांची कारभारीण सुभद्राबाई माझ्यावरून पाणी ओढायची आणि दर दिवाळीला मला तेलाचं बोट लावायची. काय दिवस होते ते! महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी विहिरीवर इंजिन बसलं. गरज सरो अन् वैद्य मरो! मी गोठ्यातल्या खुंटीवर जाऊन बसले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सुभद्राबाईच्या उजव्या अंगाला लकवा मारला. पाय सावरला, हात मात्र लोंबतच राहिला. वैशाखात लेकीचं, शालूचं, लग्न होतं. "पोरीवर अक्षता तरी माह्या हातानं पडू दे," एवढंच ती म्हणायची.

चिखलीच्या दवाखान्यातून दर मंगळवारी आशाबाई एसटीने यायच्या. ज्यांना दवाखान्यात जाणं जमत नाही, त्यांना घरी येऊन व्यायाम शिकवणं हे त्यांचं काम. त्यांनी मला गोठ्यातून काढून ओसरीच्या तुळईला टांगलं. दोराचं एक टोक सुभद्राबाईच्या डाव्या हातात दिलं, दुसरं उजव्या मनगटाला मऊ फडक्याने बांधलं. डाव्याने ओढायचं, उजवा वर जाईल, मग तो आपल्या बळाने हळूहळू खाली आणायचा.

पुंजाजी तेलाची बुधली घेऊन आले. आशाबाई म्हणाल्या, "तेल नका टाकू, दादा. मी आठवड्यातून एकदाच येतो. बाकी दिवस इची कुरकुर शेजारी ऐकू गेली पायजे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण सांगते कुणाला?

शेजारच्या रुखमाबाई दर मंगळवारी साक्ष द्यायच्या, "हाव बाई, रोज वाजते." तरी हात काही उचलेना. कारण मला ठाऊक होतं. दहा खेपांत सुभद्राबाई घामाघूम व्हायची, की पुंजाजी म्हणायचे, "तू बस, मी ओढतो." माझी कुरकुर दोघांच्याही हाताने सारखीच निघते, मी तरी काय करणार?

शेवटी आशाबाईंनी सुभद्राबाईचा डावा तळवा उलटून पाहिला. "रोज दोर ओढणाऱ्याच्या हाताले घट्टे पडते. तुमचा तं लोण्यावानी मऊ हाय."

पुंजाजींनी मान खाली घातली. "इचे हाल पाहवत नाही मले."

"मंग अक्षताही तुमीच टाकसान काय इच्या वाटच्या?"

त्या दिवसापासून पुंजाजी व्यायामाच्या वेळी समोर बसत, पण दोन्ही हात मांडीखाली दाबून. सुभद्राबाई रडायची, चिडायची आणि ओढायची.

लग्न अंगणातच लागलं. मंगलाष्टकं सुरू झाली. सुभद्राबाईचा हात छातीपर्यंत आला आणि थांबला. पुंजाजी शेजारीच होते. त्यांनी आपले हात पाठीमागे घट्ट धरले. हात पुन्हा हलला, खांद्याच्या वर गेला, आणि अक्षतांची पिवळी जवारी उडाली. ती शालूपर्यंत पोचलीच नाही, सगळी पुंजाजींच्या पटक्यावर पडली. त्यांनी ती दिवसभर झटकली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, त्यांना विसरू नका. पण आपलं माणूस स्वतःचा हात स्वतः उचलू पाहत असेल, तर जीव कितीही तुटला तरी त्याच्या वाटचा दोर ओढू नका. मी अजून तुळईलाच आहे आणि आता कुरकुरत नाही. दर दिवाळीला सुभद्राबाई टाचा उंचावून मला तेल लावते, उजव्या हाताने.