तुरीची सडक, लेकरांची वाट

पौष संपत आला की रिसोडच्या रस्त्यावरच्या त्या लहानशा गावात मोठी धांदल उडायची. दुष्काळी कामावर गावकऱ्यांनीच खडी फोडून केलेली सडक आता डांबरी झाली होती, आणि या डांबरी सडकेचा गावाला एक भलताच उपयोग सापडला होता. दोन्ही चाकांच्या वाटेवर तुरीच्या पेंढ्या पसरून द्यायच्या. एस.टी. गेली, ट्रक गेला, की शेंगा तडतड फुटायच्या. बैल जुंपायला नको, काठीने बडवायला नको! निघालेली तूर सडकेच्या कडेला वाळत घातली की झालं.

सगळ्यांत मोठं वाळवण असायचं उत्तमरावांचं. त्यांचा भाजीचा मळा शाळेच्या अलीकडेच होता. सडकेच्या एका बाजूला मळ्याची कुपाटी, म्हणजे काट्यांचं कुंपण, दुसऱ्या बाजूला खोल नाली. मधल्या दोन्ही कडांवर उत्तमरावांची तूर. मग शाळेची लेकरं चालणार कुठून? सडकेच्या अगदी मधून! पेंढ्यांच्या दोन ओळींमध्ये जी हातभर मोकळी पट्टी उरायची, तीच लेकरांची शाळेची वाट.

शाळेच्या विमलबाई एका संध्याकाळी मळ्यात आल्या. आईने दुसऱ्यांच्या शेतात निंदण करून त्यांना शिकवलं होतं. लेकरू शाळेत यायचं चुकलं की त्या स्वतः त्याच्या घरी जात.

"उत्तमरावभाऊ, कडेची तूर उचलता का? लेकरांना चालायला जागाच नाही."

उत्तमराव वाफ्यांत पाणी वळवता वळवता हसले. "बाई, एश्टीले भोंगा हाये, लेकराईले कान हायेत. भोंगा वाजला का बाजूले व्हा म्हना त्याईले."

"बाजूला म्हणजे कुठं, भाऊ? बाजूला तर तुमची तूर आहे."

मेथी खुडणाऱ्या त्यांच्या पत्नी कस्तुराबाईंना हसू आवरेना. "घ्या! आता सांगा बाईले कुठी व्हाचं बाजूले!"

शेजारचे पंजाबराव बांधावर बसले होते. ते म्हणाले, "अवो बाई, पोट्टे पाखराईवानी रायतेत. गाडी आली का भुर्रकन उडतेत."

"सगळी पाखरं सारखी नसतात, पंजाबरावभाऊ. काहींना अजून पंख फुटायचे असतात." बाईंनी उत्तमरावांकडे वळून पाहिलं. "मी भांडायला नाही आले. उद्या सकाळी गंगूला शाळेत सोडायला तुम्ही या. तिच्यासंगं त्याच वाटेनं चाला. एवढंच मागते."

गंगू उत्तमरावांची नात, पहिलीत शिकणारी. तिने हे ऐकलं मात्र, टुणकन उडीच मारली. "आबा येनार! माह्या शाळेत आबा येनार!"

आता नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी गंगूचा उत्साह पाहावा! पाटीचं दप्तर गळ्यात, एका हाताने आजोबांचं बोट धरलेलं आणि तोंडाचा पट्टा चालू. मळ्याजवळ येताच तिने बोट सोडलं. "पाहा आबा, आमी असे जातो!" असं म्हणत ती त्या मधल्या पट्टीवरून तुरूतुरू पळत पुढे निघाली.

तेवढ्यात चिंचेच्या वळणावर भोंगा वाजला. रिसोडची एस.टी.!

पुढची मोठी पोरं वाळवण ओलांडून पलीकडे उड्या मारून गेली. गंगू मात्र जागच्या जागी थांबली. तिने डावीकडे पाहिलं, तूर. उजवीकडे पाहिलं, तूर. पाऊल उचललं आणि परत खाली ठेवलं.

"बाजूले व्हय गंगे!" उत्तमराव ओरडत धावले. "तुरीवर दे पाय! दे पाय!"

गंगू हलेना. दप्तर छातीशी धरून ती उभी राहिली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. शेंगांवरून चाकं सरकली, गाडीचं तोंड नालीकडे वळलं, आणि एका धक्क्यानिशी ती आडवी थांबली. गंगूपासून अवघ्या दोन हातांवर!

उत्तमरावांनी तिला उचलून पोटाशी धरलं. "काहून हटली नाई वं माय? काहून नाई हटली?"

गंगू म्हणाली, "तुमीच तं सांगतलं ना आबा, अन्नावर पाय द्याचा नाई म्हनून."

खरंच होतं ते! दाण्याला पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा, हे उत्तमरावांनीच तिला शिकवलं होतं. नात शिकवण विसरली नव्हती.

ड्रायव्हर लखीराम खाली उतरला. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा तो. "काका, तुमच्या शेंगाईवर चाक घसरते. बिरेक मारला का गाडी नाचते. घरी माह्याही पोरी हायेत. हात जोडतो, हे बंद करा!"

विमलबाई शाळेतून धावतच आल्या. त्यांनी आधी गंगूच्या डोक्यावरून हात फिरवला. मग शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, नातीला तुम्ही चांगलंच शिकवलं. अन्नाचा मान राखलाच पाहिजे. पण आपण काय केलं पाहा. ज्या तुरीला तिनं पाय लावला नाही, ती आपण चाकांखाली घातली. चाकांची सोय केली, आणि लेकराला उभं राहायला वीतभर जागा ठेवली नाही. सडक गाडीचीही आहे, तुमचीही आहे. पण जो सगळ्यांत लहान, जो पायी चालतो, त्याची सोय आधी नको का?"

उत्तमरावांनी गंगूला बाईंच्या हाती दिलं, मळ्यातून फावडं आणि टोपलं आणलं, आणि एस.टी. तिथेच उभी असताना तूर भरायला सुरुवात केली.

"आता काय काठीनं बडवता का?" पंजाबरावांनी विचारलं.

"बडवतो! माह्या बापानं बडवली, मी बडवतो! तुमी कायले उभे? धरा टोपलं!"

आणि काय सांगावं, पंजाबरावांनी धरलं की हो! एस.टी.तले उतारूही खाली उतरले. कोणी पेंढ्या ओढल्या, कोणी झाडू मारला. सडक साफ झाली तेव्हा लखीरामने भोंगा वाजवून सगळ्यांना रामराम केला.

पण लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. सडक खात्यात मजुरी करणारा गावातला भिवाजी कडेने पायवाट करायची परवानगी त्याच्या साहेबांकडून घेऊन आला, आणि रविवारी अख्खं गाव कामाला लागलं! बैलगाड्यांनी मुरूम आणला. सडकेच्या कडेला तो टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून लेकरांसाठी वेगळी वाट केली. पण मळ्यापाशी ती फार अरुंद होऊ लागली.

"कुपाटी दोन हात आत घ्या," कस्तुराबाई म्हणाल्या.

"अन् वांग्याची ओळ?"

"वांगे पुन्हा लावता येतीन!"

उत्तमरावांनी कुऱ्हाड उचलली आणि कुपाटी मागे घेतली. लेकरांनी वाटेच्या कडेचे दगड चुन्याने रंगवले, दगडांपेक्षा स्वतःलाच जास्त! शाळेसमोर सडकेवर पांढरे पट्टे ओढले. नियम ठरला, लेकराने पट्ट्यापाशी उभं राहून हात वर करायचा, गाडीने थांबायचं, आणि गाडी थांबल्यावरच पाऊल टाकायचं.

सोमवारची सकाळ उजाडली. जणू गावात लग्नच होतं! कोणी डफडं आणलं होतं. लेकरं रांगेने नव्या वाटेवरून चालत आली, सगळ्यांत पुढे गंगू. चिंचेच्या वळणावर भोंगा वाजला. गंगूने इवलासा हात वर केला.

एस.टी.चा वेग कमी झाला, आणखी कमी झाला, आणि पट्ट्याच्या पुष्कळ आधीच ती थांबली!

"थांबली! थांबली!" लेकरांनी एकच गलका केला. डफडं कडाडलं. लखीरामने खिडकीतून हात हलवला.

गंगू मात्र पुढे जाईना. पट्ट्यावर कुणाच्या तरी गाडीतून सांडलेले मूठभर दाणे पडले होते.

उत्तमराव पुढे झाले. सगळ्या गावासमोर ते सडकेवर गुडघे टेकून बसले आणि एकेक दाणा वेचून त्यांनी उपरण्यात घेतला. मग नातीकडे पाहून म्हणाले, "चाल माय. आता वाट तुही हाये."

गंगू ऐटीत पलीकडे गेली. तिच्यामागे सगळी शाळा गेली.

मंडळी, आपल्या दारापुढच्या सडकेच्या कडेला आज काय पडलं आहे, एकदा जाऊन पाहा. वाळवण असेल, विटा असतील, उभी केलेली गाडी असेल. ते आजच उचला. लेकरांना नीट चालायला आपण शिकवतोच, पण त्यांना चालायला वाट देणं, हे आधी आपलं काम आहे!