घराघरातल्या पाण्याचं सरबत

मित्रांनो, डोळे मिटा आणि एप्रिलमधली दुपार मनात आणा. वारा भट्टीतून निघाल्यासारखा अंगाला लागतो आहे. विहिरींचे तळ उघडे पडले आहेत. टँकरचा भोंगा वाजला की साऱ्या गावाच्या घागरी धावत सुटतात. अशा वेळी कोणी तुमच्या हातात आंबटगोड सरबताचा गिलास ठेवला तर?

तसे गिलास माझ्या पोटातून भरले जात. मी एक जुना पितळी गंज आहे, मोठ्या पोटाचे उभट भांडे.

तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केले आणि धुरपताबाईंनी कंधारच्या बाजारातून डोक्यावर घरी आणले. अहमदपूरकडच्या त्यांच्या गावात दर भीमजयंतीला मी वस्तीच्या तोंडाशी बसायचो. मिरवणुकीतून घामाघूम होऊन आलेल्यांसाठी धुरपताबाई कैरीचे पन्हे करत. कैऱ्या चुलीच्या आरात भाजायच्या, गर गुळात कालवायचा, वर जिरे आणि पुदिना. त्याआधी न चुकता मला आतून कल्हई होई. कथलाचा तो पातळ लेप म्हणजे माझे चिलखत. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागला की कळकतो, तोंडात धरवत नाही. कल्हई झाली की लोक आत डोकावून म्हणत, "पितळ हाय का चांदी?" मी फुगून जाई.

पुढे लातूर नवा जिल्हा झाला आणि थोड्याच वर्षांत दुष्काळ पडला. पन्हे थांबले. मी माळ्यावर गेलो. माझ्यात जुनी सुतळी आणि फुटका कंदील येऊन पडला. माझी कल्हई कधी उडाली, ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

मग एका जयंतीला धुरपताबाईंच्या नातीने, पंचशीलाने, मला खाली ओढले. मिरवणूक पहिल्यांदाच वस्तीबाहेर पडून गावाच्या मुख्य रस्त्याने जाणार होती. सरबत चावडीसमोर मांडायचे आणि साऱ्या गावाला पाजायचे, असे तिने ठरवले. आंब्याचा मोहर करपला होता, पण चिंचा झाडभर लटकत होत्या. वस्तीतल्या प्रत्येक घराने टँकरच्या पाण्यातला आपला वाटा दिला. पहाटे तिने ते पाणी माझ्यात ओतले आणि चिंच भिजत घातली.

पोरी, नको! मी आतून ओरडत होतो. पण गंजाला वाचा कुठली?

दुपारी धुरपताबाईंनी बोट बुडवून चाखले आणि थू थू केले.

"कळकलं की गं! कल्हई न बघता चिंच घातलीस?"

"आज्जे, आता?"

"आता काय, दे ओतून! इख पाजायचंय का गावाला?"

सबंध वस्तीचे पाणी नासले होते आणि दिवस कलताना मिरवणूक निघणार होती. पंचशीला रडत रडत उठली. त्याच कळकलेल्या चिंचेने तिने मला बाहेरून खसाखसा घासले, निदान तेवढा तरी उपयोग व्हावा म्हणून. मग मला डोक्यावर घेऊन ती एस.टी. स्टँडकडे पळाली. तिथे लिंबाखाली मलप्पा कल्हईवाल्याचा भाता होता.

"काका, मिरवणुकीच्या आत कराल का?"

"इतकं आंबट तोंड बघून कथील बी आंबंल की!" मलप्पा हसला. "जा, तू पाण्याचं बघ. पैसे नको मला, पहिला गिलास दे."

नवसागराचा धूर निघाला. तापलेल्या पोटातून कापसाचा बोळा फिरला आणि कथील चकाकत पसरले.

तिकडे पंचशीला मुख्य रस्त्यावर रुक्मिणबाईंच्या दारात उभी होती. तिथल्याच आडावर तिच्या आजीला एके काळी घागर टेकवू दिली नव्हती.

"मावशी, तांब्याभर पाणी देता? माझ्या चुकीनं सरबत नासलं."

रुक्मिणबाई आत गेल्या आणि भरलेली घागरच घेऊन आल्या.

"तांब्यानं काय व्हायचंय? आन् आधी डोळं पूस. खारट सरबत कोण पील?" मग त्यांनी शेजारच्या दारात उभ्या असलेल्या केवळाबाईंना हाक दिली, "ए केवळे, नुसती बघून काय राहिलीस? तुझी बी कळशी आण!"

आणि घराघरातले पाणी माझ्यात येऊन एक झाले. नवी चिंच कोमट पाण्यात भिजवून, कोळून, धडप्यातून गाळली. गूळ, जिरे, काळे मीठ पडले. नहाणीच्या पाण्यावर जगवलेला पुदिना पडला. पहिला गिलास मलप्पाने घेतला आणि मान डोलावली. निळे झेंडे चावडीपाशी आले, हलगी कडाडली. वस्ती प्याली, गाव प्याले, टँकरचा ड्रायव्हरही प्याला. रुक्मिणबाईंनी सगळ्यांदेखत गिलास रिता केला आणि म्हणाल्या, "भर की अजून!" मी तळापर्यंत रिकामा झालो. एवढा मोठा मी कधीच झालो नव्हतो.

मित्रांनो, जुनी भांडी माळ्यावर टाकू नका. ती वापरा, आणि वापरण्याआधी आत डोकावून पाहा.

पंचशीलाने मलप्पाचे उपकार तसेच राहू दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रुक्मिणबाईंच्या उंबऱ्याशी गेली.

"मावशी, तुमची भांडी नेऊ का मलप्पाकाकाकडं कल्हईला?"

"मग बाहीर का उभी? आत ये. माझा हात न्हाई पुरत फळीला."

पंचशीलाने चपला काढल्या, त्या स्वयंपाकघरात गेली आणि टाचा उंचावून फळीवरचा मोठा हंडा खाली घेतला.