डिस्कला लावलेलं कुंकू

योगिनीचा कॉम्प्युटर दसऱ्यापासून रुसला होता. सुरू व्हायचा, थोडा वेळ शहाण्यासारखा वागायचा आणि मग जागच्या जागी थिजायचा. माउस हलवा, कीबोर्ड बडवा, ढिम्म. तिचा नवरा सुदेश म्हणाला, जुना झालाय, देऊन टाकू भंगारात. देऊन टाकू म्हणे! नवऱ्यांचं काय जातंय म्हणायला.

त्या कॉम्प्युटरमध्ये तिच्या आत्याचा आवाज होता. शेवंतीआत्या धवलारीण. कल्याणपलीकडच्या चार गावांत तिच्या धवल्यांशिवाय, म्हणजे लग्नगीतांशिवाय, हळद लागायची नाही, लग्नातला एकेक विधी ती गाण्यानं पुढे न्यायची. कागदावर एक ओळ नाही, सगळं तोंडपाठ. योगिनी कळव्याहून रविवारी रविवारी तिच्याकडे जायची, गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर चढवायची. मोबाइल भरला तशी तिथली पुसून टाकली. आता हा शहाणपणा कुणाला सांगायचा? त्यानंतर आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, गाणं गेलं. आता ती फुसफुसत दोन-चार शब्द बोलते, तेही कष्टानं. आणि तुळशीचं लग्न लागलं की लगेच आत्याच्या नातीची, पायलची हळद होती. तिथे आत्याचेच धवले लावायचे, असं योगिनीनं कबूल केलेलं.

तिनं ऋतुराजला फोन लावला. तिचा मामेभाऊ, कल्याणला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. लक्षणं ऐकून तो म्हणाला की एसएसडी, म्हणजे आतली नव्या पद्धतीची डिस्क, जायला आलेली असू शकते. जुनी हार्ड डिस्क जाताना निदान कुरकुर तरी करायची, ही पोरगी न सांगता सवरता जाते. योगिनीला रडूच फुटलं. मग त्यानंच तिला सावरलं. सारखं बंद-चालू करू नकोस, कुणी फॉरमॅट कर म्हणालं तर ऐकू नकोस, आधी निघेल तेवढं पेनड्राइव्हवर काढ, दुरुस्तीचं मागाहून बघू.

तिनं काढायला घेतलं. मांडव घालायची गाणी आली, हळद दळायची आली आणि नेमकी हळद लावायच्या गाण्यांशी गाडी अडली. स्क्रीन थिजली. योगिनी पदर तोंडाशी धरून बसली. सुदेशनं आणून ठेवलेला चहा तसाच गार झाला.

ऋतुराजनं मग डिस्कची तब्येत दाखवणारं एक सॉफ्टवेअर टाकायला लावलं आणि त्यातल्या आकड्यांचा फोटो मागवला. डिस्कची तब्येत उत्तम होती. फक्त एक आकडा दर वेळी अडलं की वाढत होता. डिस्कमधून निघालेली माहिती पुढे पोचेपर्यंत किती वेळा बिघडली, त्याचा तो आकडा.

"ताई, डिस्क ठणठणीत दिसतेय," तो म्हणाला. "तिची वायर बघ. वीज बंद कर आणि डबा उघड."

आता गंमत बघा. इतके दिवस भंगारात देऊ म्हणणारा सुदेश एकदम पुढे झाला. तू राहू दे, मी उघडतो, तुला शॉक बसेल. स्क्रू ड्रायव्हर हातातून सोडेना! योगिनीनं तो काढून घेतला, स्क्रू सोडवले आणि पत्रा बाजूला केला.

आत डिस्कच्या मधोमध हळदीकुंकवाचं बोट होतं. खाली अक्षता सांडलेल्या. वायर आणि डिस्क यांच्या बेचक्यात सुकून कडक झालेलं झेंडूचं फूल दाबून बसवलेलं आणि त्याच्या रेट्यानं वायरचं टोक तिरकं होऊन लोंबत होतं.

"दसऱ्याला मीच लावलेलं," सुदेश हळूच म्हणाला. "बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग? काम तर ही आतली करते. तिच्यातच आत्या आहेत ना."

योगिनीला राग यायला हवा होता. तोंड उघडलंही होतं तिनं. पण ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि तिला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं, रागाचं राहूनच गेलं.

फूल काढलं, अक्षता एकेक करून वेचल्या. डीव्हीडीचा ड्राइव्ह कुणी वापरत नव्हतं, त्याची वायर काढून ऋतुराजच्या सांगण्यावरून डिस्कला लावली. कुंकू तेवढं राहू दिलं. कॉम्प्युटर सुरू झाला, गाणी सरसर उतरली, तो मेला आकडा जागचा हलला नाही. ऋतुराजनं बजावलं की एक कॉपी माझ्याकडे ठेव, एकाच घरात सगळं ठेवायचं नाही. दुसरी पेनड्राइव्हवर आणि ती वाजवायला छोटा स्पीकर घेऊन योगिनी आत्याकडे गेली.

आत्या स्वतःचा आवाज ऐकत बसली. ओठ हलत होते. हळदीचं गाणं अर्ध्यावर आलं आणि एकदम थांबलं. योगिनी स्पीकरकडे झेपावली. पण बटण आत्यानंच दाबलं होतं. तिनं हात लांब करून योगिनीच्या गळ्याला बोटं लावली.

"बाय, तुज्या गल्यान ठेव."

मला कुठे गाता येतं, असं योगिनी म्हणून बघत होती, पण आत्यानं मांडीवर ठेका धरला होता.

पायलच्या हळदीला पहिला धवला योगिनीनं म्हटला. दोन ठिकाणी अडखळली, तेव्हा शेजारी बसलेल्या आत्याचे ओठ बघून तिनं पुढचा शब्द घेतला. मांडवातल्या बायकांनी ओळ झेलली आणि सुदेश स्पीकर मांडीवर घेऊन, बटण न दाबता ऐकत बसला.