शेवटचा स्क्रू काकांचा

आमच्या दुकानात एक रीत आहे. पेडल तयार झालं की खालचं झाकण लावण्याआधी आतला शेवटचा, सूर जुळवायचा स्क्रू काका फिरवणार आणि झाकणाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने सही करणार. ज्याने सूर लावला त्याची सही, असा नियम. नियम काकांनीच केला, म्हणून सहीही काकांचीच.

पेडल म्हणजे गिटारवाल्याच्या पायाखालची पत्र्याची डबी. आम्ही एकच जात बनवतो, फ्लँजर, तोही जुन्या घाटाचा. गिटारचा आवाज आत दोन वाटांनी जातो, एकाला किंचित उशीर होतो आणि तो उशीर सारखा कमीजास्त होत राहतो. त्यामुळे डोक्यावरून विमान गेल्यासारखा सूर फिरतो. हे फिरणं-न-फिरणं म्हणजे सगळा कानाचा खेळ.

आणि काकांचे कान गेलेत. खालचं ऐकू येतं, वरचं नाही. काकू दारात उभी राहून दहा वेळा बेल वाजवते, शेवटी खिडकीवर खडा मारते. पण काकांना विचारा, "बेल बिघडलीय" म्हणतील. आमच्या धंद्यात कान गेले हे कबूल करणं म्हणजे भर चौकात धोतर सुटणं.

चार वर्षांपूर्वी काकांनी शेवटचा स्क्रू फिरवून ओळीने तीन पेडलं बिघडवली. तेव्हापासून मी एक उद्योग केला. सूर आधीच लावायचा, कानाने आणि मीटरने, आणि तो कायमचा पक्का करून टाकायचा. काकांच्या स्क्रूचे, त्याला सर्किटशी जोडणारे तिन्ही पाय खालून छाटायचे. स्क्रू जागच्या जागी राहतो. फिरतोही छान. नुसता फिरतो.

काका डोळे मिटून तो केसभर फिरवतात, तार छेडतात, म्हणतात, "आता बसलं." आणि सही ठोकतात.

मी सही दोनदा मागितली होती. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं. "तुझा कान अजून कच्चा आहे."

यंदा मी एक पेडल नव्याने रचलं. याचा फेरा वर जाताना घाई करत नाही, टोकाला क्षणभर रेंगाळतो. तीन महिने त्यामागे लागले होते. त्याच्या झाकणात दुसऱ्याचं नाव गेलेलं मी बघणार नव्हते. मग काकांनी हाकलून दिलं तरी चालेल.

मंगळवारी अकराला जॅकेटवाला आला. अंगातून धारा लागल्या तरी चामड्याचं जॅकेट न काढणारा गिटारवाला. कुठलं पेडल चांगलं, कुठलं भंगार, हे तो जगाला सांगतो आणि जग मुंडी हलवतं. शनिवारी त्याचा मोठा कार्यक्रम होता.

त्याने माझं पेडल जोडलं, वाजवलं, ओठ काढला. "चांगलंय. पण मास्तरांचा हात नाही लागला अजून. मला कळतं."

काका फुलले. डोळे मिटून स्क्रू केसभर फिरवला. जॅकेटवाल्याने तेच पुन्हा वाजवलं.

"अहाहा! आता बघा! आता जीव आला!"

मला राहवेना. "साहेब, जरा उलटा फिरवून बघा की. तुम्हीच फिरवा. तुमच्यासारखा कान कुणाला आहे?"

त्याने फिरवला, वाजवला आणि कारलं चावल्यासारखं तोंड केलं. "गेलं! पार मेलं!"

"द्या इकडे," काका म्हणाले. "येरागबाळ्याचं काम नाही ते." फिरवला.

"बसलं!" दोघं एकदमच म्हणाले आणि एकमेकांकडे बघून माना डोलवत राहिले. दोन अख्खे बाप्ये! मी हसून लोळले असते, पण काकांची पेन्सिल झाकणाला टेकली होती.

"काका, थांबा."

मी पेडलची आतली सर्किटची पट्टी उलटी केली, भिंगाच्या दिव्याखाली धरली, काकांचा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. "या स्क्रूचे पाय बघा."

मला सोल्डर करायला याच माणसाने शिकवलं. एका नजरेत त्यांना सगळं कळलं.

"कधीपासून?" आवाज अगदी खाली.

"चार वर्षं."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

"काय झालं? काय झालं?" जॅकेटवाला टाचा उंचावत होता.

काकांचे कान लालबुंद झाले. आता पट्टी फेकून मारतात की मलाच, या हिशोबाने मी एक पाऊल मागे सरले. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पेन्सिल माझ्या हातात कोंबली.

"कर."

"काय?"

"सही, गाढवे. ज्याने सूर लावला त्याची."

मी केली. मोठ्या अक्षरात, झाकण भरून.

"मास्तर, हे काय? मला तुमची सही हवी," जॅकेटवाला म्हणाला.

"सूर तिचाय."

त्याने झाकण लावून वाजवलं. मान तिरकी केली. "हं. पातळ झाला जरा. बाईमाणसाचा हात... लगेच कळतो."

मी तोंड उघडणार तोच काका कडाडले. "काय कळतो हो? त्या स्क्रूला आत काही जोडलेलंच नाही! मी फिरवला की जीव आला, तुम्ही फिरवला की मेला, तो कशाने? आणि नीट ऐका. मला चार वर्षं वरचे सूर ऐकू येत नाहीत. माझं वय झालंय. तुमचं काय झालंय?"

जॅकेटवाल्याने जॅकेट काढलं. आयुष्यात पहिल्यांदा असेल. बराच वेळ केबल गुंडाळत राहिला, मग त्या केबललाच म्हणाला, "हे बाहेर कुठे..."

"नाही बोलणार," मी म्हटलं. "शनिवारी लोक विचारतील पेडल कुणाच्या हातचं, तेव्हा माझं नाव सांगायचं. माईकवर."

"पूर्ण नाव?"

"आडनावासकट. लिहून घ्या, विसराल."

त्याने निमूट लिहून घेतलं, पेडल उचललं आणि गेला. दार लावायचंही भान नव्हतं.

काका स्टुलावर बसले. समोर झाकणं लावायची राहिलेली अकरा पेडलं होती. "मग आता मी काय करायचं या दुकानात?"

"झाकणं लावा. चार-चार स्क्रू आहेत प्रत्येकाला."

त्यांनी संशयाने एक स्क्रू चिमटीत धरून उजेडात निरखला.

"ते खरे आहेत, काका."

"हलकट कार्टी," ते म्हणाले आणि पहिलं झाकण असं आवळलं, असं आवळलं, की पुढे ते उघडायला मला अर्धा तास लागला.