परत मागितलेलं वाण

हळदीकुंकवाला मी औषधाच्या ट्यूबा लुटल्या, हे आता सांगताना माझी मलाच लाज वाटते. जानेवारीत मात्र आमच्या चारकोपच्या सोसायटीत मी नुसती मिरवत होते. दरवर्षी संक्रांतीला जिच्यातिच्याकडून प्लास्टिकची वाटी नाहीतर चाळणी वाण म्हणून मिळते. माझ्या घरात चाळण्याच इतक्या साठल्यात की पिठाची गिरणी काढावी. म्हटलं, यंदा आपण काहीतरी उपयोगाचं देऊ.

आमच्या ह्यांचा पुतण्या देवव्रत औषधांचा होलसेल धंदा करतो. ह्यांच्या काखेतला नायटा त्याने दिलेल्या मलमाने चार दिवसांत गेला होता. "खाज, पुरळ, डाग, सगळ्यावर चालतं, काकू," असं तो म्हणाला आणि मी ते खरं मानलं. मग तेच मलम तोंडाला लावून पाहिलं. आठवड्याभरात गालावरचे वांग फिकट झाले, चेहरा असा तुकतुकीत दिसायला लागला की भाजीवालीनेही विचारलं. झालं! पस्तीस ट्यूबा मागवल्या, प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि तिळगुळाबरोबर वाटून टाकल्या.

दोन महिने माझं कौतुक चाललं. मग ह्यांचा नायटा परत आला, तो पाठीपर्यंत पसरूनच. माझंही तंत्र बिघडलं. एक दिवस मलम चुकलं तर गाल फोडणीचं तेल उडाल्यासारखे जळायचे, आणि लावलं की शांत. हनुवटीवर लव वाढली, नाकाच्या बाजूला बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. बाहेर पडताना मी तोंडाला स्कार्फ बांधायचे आणि कुणी विचारलं की ठोकून द्यायचे, "उन्हानं झालंय."

मे महिन्यात शेवटी बोरिवलीच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ट्यूब उलटसुलट करून वाचली.

"यात तीव्र स्टेरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "औषध वाईट नाही. योग्य जागी, सांगितले तेवढेच दिवस लावलं तर गुण येतो. तुम्ही चार महिने तोंडाला चोपडलंत. कातडी पातळ झालीय. आणि नायटा यानं नुसता दबतो, मरत नाही, उलट पसरतो."

"मग आता?"

"हे बंद. चेहरा आधी आणखी भडकेल, काही आठवडे, कदाचित काही महिने. मी दुसरं औषध देते, पण कितीही आग झाली तरी परत या ट्यूबकडे वळायचं नाही."

मी मान हलवली आणि हळूच विचारलं, "लहान बाळाला लावलं तर?"

मला विचारायलाच हवं होतं. दोन मजले खाली राहणाऱ्या माधुरीने मागच्याच आठवड्यात जिन्यात मला सांगितलं होतं, "काकू, तुमच्या वाणानं काय झकास काम केलं! अनयचं लंगोटातलं लाल लाल सगळं गेलं. आता रोजच लावते."

बाईंचं पेन थांबलं. "केवढं बाळ?"

"दहा महिन्यांचं."

"डायपरच्या आत औषध कोंडतं आणि अंगात भिनतं. बाळाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. आज जाऊन सांगा आणि उद्या त्याला इथे घेऊन या."

रिक्षात सारखं एकच आठवत होतं. त्या पोराच्या बोरनहाणाला मीच चुरमुरे उधळले होते. मी घरी न जाता थेट माधुरीकडे गेले.

दार तिच्या सासूने, सोनूबाईंनी उघडलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि ट्यूब परत मागितली. माधुरीचा चेहरा पडला, पण सोनूबाई दारात आडव्या झाल्या.

"दिलेलं वाण परत मागतात का गं कुणी? ते पण तान्ह्या पोराच्या घरातलं? माझ्या सुनेची ओटी रिकामी करून नेणार तू?"

मलाही तेच शिकवलंय, आणि खरं सांगायचं तर माझ्याही पोटात तीच भीती होती. पण आज मी हात हलवत परत जाणार नव्हते. "थांबा मावशी," म्हटलं आणि दोन मजले चढून घरी गेले. एक चांगली चाळणी काढली, तिच्यात तांदूळ, सुपारी आणि घरात होता तो नारळ ठेवला, कुंकवाचा करंडा घेतला आणि धापा टाकत परत आले. माधुरीला कुंकू लावून तिची ओटी भरली.

"ही घ्या. आधी भरली, आता ट्यूब द्या."

सोनूबाई जरा नरमल्या, पण हलल्या नाहीत. "आणि तुझी कुठंय?"

"काय?"

"तुझी ट्यूब. आमची न्यायला आलीस, तुझी टाकलीस का?"

ती माझ्या पर्समध्ये होती. दवाखान्याबाहेर कचऱ्याचा डबा समोर होता, तरी माझा हात झाला नव्हता. आज रात्री आग झालीच तर एकदाच लावू, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

मी पर्स उघडली आणि ट्यूब त्यांच्या हातात दिली. मग स्कार्फ सोडला. सकाळपासून मलम लावलं नव्हतं. सोनूबाईंनी चष्मा चढवला, अगदी जवळ येऊन पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! हे त्यानंच?"

"त्यानंच. आणि माझी कातडी छप्पन वर्षांची आहे, मावशी. त्याची दहा महिन्यांची."

त्या आत गेल्या, अनयच्या पावडरीच्या डब्याशेजारून अर्धी पिळलेली ट्यूब आणली आणि दोन्ही माझ्या पर्समध्ये टाकल्या. माधुरी रडायलाच लागली. "उद्या सकाळी आपण दोघी त्याला घेऊन जाऊ," मी तिला म्हटलं. "रडायचं माझ्यावर सोड. वाट मी लावलीय."

घरी येऊन हळदीकुंकवाची वही उघडली. सगळ्यांची नावं होतीच, आणि चाळण्याही तेवढ्या होत्याच. प्रत्येकीत मूठभर तांदूळ आणि सुपारी ठेवून दोन पिशव्या भरल्या. गालांची आग आग होत होती. गार पाण्याचा हात फिरवला आणि निघाले.

पुढच्या इमारतीखाली वहीतली पहिलीच, रुचिरा, भेटली. तिच्या गालावर माझ्यासारखीच लाली चढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चपापली.

"काकू, तोंडाला काय झालं? उन्हानं का?"

"नाही गं," मी म्हटलं आणि पिशवी खाली ठेवली. "हे माझं मीच केलंय, आणि तुझंही मीच केलंय. घरी चल, सांगते."